पाच वस्तूंचा डबा

३ जानेवारी

प्रिय शाई,

फोनवर तू "हो", "नाही" आणि "बघू" यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. लहानपणापासून तुझं अक्षर बोलकं आणि तोंड मुकं.

इकडची बातमी तुझ्या काकूनं कानावर घातलीच असेल. तुझ्या भावोजींनी विजेच्या सामानाचं दुकान अखेर बंद केलं. तेव्हापासून ते पलंगावर आडवे होऊन छताकडे बघत असतात. काही विचारलं की कूस बदलतात. चिमीची शाळा, आईची औषधं, घराचं भाडं, सगळं माझ्या अंगावर आलंय. एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायची नोकरी मिळेल असं दिसतंय. फोन घ्यायचे, पेशंटांना वेळ द्यायची. डॉक्टर म्हणाले, "बाहेर प्रसन्न चेहरा हवा. आत आल्यावर पेशंटला तो बघायला मिळत नाही."

आता पंचाईत अशी की माझा चेहरा प्रसन्न राहिलेला नाही. आपल्या घरात चेहरा म्हणजे माझा, हे तुला सांगायला नको. जरा पावडर, जरा काजळ, की लोक वळून बघायचे. आता डोळ्यांखाली निळसर, नाकाच्या बाजूला लाल, आणि ओठ धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखे. परवा बाजारात गेले तर दुकानातल्या मुलीनं समोर डब्यांचा ढीग मांडला. हे आधी, ते नंतर, त्याच्यावर हे. मी पर्स घट्ट धरून बाहेर आले.

तू एवढ्या मोठ्या दुकानात मेकअपच्या काउंटरवर असतेस. मला नीट सांग, अगदी कमी पैशांत काय काय घेऊ? थोडंच, पण नेमकं. पसारा नको.

लिहिता लिहिता गंमत आठवली. शाळेच्या फोटोच्या दिवशी मी तुला पावडरचा अख्खा डबा फासला होता, आणि फोटोत तू पिठाच्या गोणीतून काढल्यासारखी दिसत होतीस. बाबांना हसू आवरेना. तो फोटो आईनं जपून ठेवलाय. आणि आज तीच आमची शाई जगाला मेकअप शिकवते.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. भावोजींचं वाचून वाईट वाटलं. काकूला माझा नमस्कार सांग.

सगळ्यात आधी, काहीही विकत घेऊ नकोस. सकाळी तोंड धुऊन, दिवा न लावता खिडकीपाशी उभी राहा. हातात आरसा धर आणि दुसऱ्याच कुणाचा चेहरा असल्यासारखा बघ. झाकायचं किती थोडं आहे ते तेव्हा कळतं. इथे येणाऱ्या बायका अख्खा चेहरा झाकायला निघालेल्या असतात, आणि लपवायचं असतं ते बोटाच्या पेराएवढं.

तुला पाच वस्तू पुरतील. फाउंडेशन नकोच, तुझी कातडी चांगली आहे. एक कन्सीलर घे, डोळ्यांखाली आणि नाकाच्या बाजूला लावायला. रंग मनगटावर लावून बघू नकोस, दुकानातल्या मुली कितीही म्हणाल्या तरी. जबड्याच्या कडेला लाव, दुकानाबाहेर ये आणि उजेडात बघ. मग जरा फिरून ये आणि पुन्हा बघ, कारण काही रंग हवेनं गडद होतात. जो दिसेनासा होतो तो तुझा. वरून बिनरंगी पावडर, तीही फक्त नाकावर आणि कपाळावर. लिपस्टिक एकच घे, तुझ्या ओठांच्या आतल्या बाजूचा जो रंग आहे त्याहून किंचित गडद. तीच बोटाच्या टोकानं गालांवर टेकवायची, वेगळी लाली घ्यावी लागत नाही. काजळ तपकिरी. काळ्यानं दमलेले डोळे आणखी आत जातात. आणि मस्कारा मिळेल तितका लहान घे. तो काही महिन्यांत फेकावाच लागतो, मग मोठी बाटली घेऊन अर्धी कचऱ्यात कशाला घालायची.

सेटच्या नादी लागू नकोस. त्यातले दोन रंग वापरले जातात, बाकीचे ड्रॉवर उघडला की टोमणे मारत बसतात.

आमच्या काउंटरला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत. सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्या काचा पुसलेल्या असतात आणि दिवे नुकते लावलेले असतात, ती वेळ मला फार आवडते.

तो फोटो काकूला फाडून टाकायला सांग. मी हे आधीही सांगितलंय.

तुझी,
शाई

२४ फेब्रुवारी

प्रिय शाई,

नोकरी मिळाली, आणि तुझ्या पाच वस्तूंनी मिळवून दिली असं म्हटलं तरी चालेल. तू म्हणालीस तसा जबड्यावर रंग लावून रस्त्यात उभी राहिले. एक रिक्षावाला थांबून "कुठे जायचंय" विचारून गेला. पण रंग असा जमलाय की कुठे लावलाय ते माझं मलाच सापडत नाही. पाचही वस्तू चिमीच्या जुन्या कंपासच्या डब्यात मावतात. चिमी दवाखान्यात आली होती तेव्हा एका पेशंटनं मला "तू हिची मोठी बहीण का" असं विचारलं. बधीर केलेल्या तोंडानं विचारलं, पण विचारलं.

हे पलंगावरून म्हणाले, "आता कुणासाठी नटतेस?" मी म्हटलं, "भाड्यासाठी." मग कूस बदलली.

तुझ्यामुळे मी आता गल्लीत तज्ज्ञ झालेय. शेजारणी डबा बघायला येतात. माझ्यासारखा रंग असला की पटकन जमतं. पण समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, तुझ्याच पंथातल्या, तुझ्यापेक्षा थोड्या उजळ. त्यांना माझं कन्सीलर लावलं तर तोंडावर राख फासल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्या घरी जाऊन तोंड धुऊन आल्या. अशांचं काय करायचं असतं? तुला माहीत असणार. तुला तर प्रयोगाला दुसरीकडे जावंच लागत नाही.

आई म्हणते, शाईचं बरं झालं, तिच्या रूपावर कुणी तिला करून घेतलं नसतं, हातात कला आली. आशीर्वाद सांगितलाय.

तुझी,
ताई

१० मार्च

ताई,

त्या बाईंना पुन्हा बोलाव आणि आधी त्यांची माफी माग.

मग उजेडात बसवून त्यांची मान बघ. चेहरा नाही, मान. आमच्यासारख्या रंगात नुसता गडद आणि फिकट असा हिशोब नसतो. कुणाच्या कातडीखाली लाल असतो, कुणाच्या पिवळा, कुणाच्या हिरवट. तो ओळखता आला नाही की राख होते. आणि उजळ करायला जायचंच नाही. एक शेड वर गेलीस की गेलं. डोळ्यांखाली काळं असेल तर आधी गडद नारिंगी अगदी पातळ लावायचं, मग त्यांच्या मानेच्या रंगाचं. ओठांना विटकरी किंवा जांभळाचा रंग. ज्या रंगांना विकणाऱ्या मुली "हे तुम्हाला नको" म्हणतात, त्यातलेच पुष्कळ शोभतात.

हे मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांना लावून बघायला ठेवलेले टेस्टर संपत आले की टाकून देतात. तळाशी राहिलेलं काडीनं काढून मी खोलीवर नेते. आरशासमोर बसते. पहिली दोन वर्षं माझाही चेहरा रोज राखेचाच होत असे. मग एका रविवारी जमला. मी खाली जाऊन उगाचच दूध घेऊन आले, कुणीतरी बघावं म्हणून. दूधवाल्यानं सुट्टे मागितले, बाकी काही नाही. पण मला ठाऊक होतं.

तुझ्या कंपासच्या डब्यावरून एक सुचलं आणि मी ते मॅनेजरना बोलले. बाई कमी पैसे घेऊन आली तर तिला एका कंपनीचा सेट गळ्यात मारायचा नाही. तिचा चेहरा बघायचा आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाचच वस्तू निवडून पत्र्याच्या छोट्या डब्यात घालून द्यायच्या. डबा तिचा, निवड आपली. ती वर्षभर आपल्याकडेच येईल. मॅनेजर म्हणाले, "डोकं चांगलं आहे तुझं. मोठ्या ऑफिसातल्या बाई येतील तेव्हा काढू विषय." सल्लागाराची एक जागा निघते आहे. मी अर्ज केलाय.

काकूला यातलं काही सांगू नकोस. होईपर्यंत कुणालाच नको. तुला सांगितलं, कारण मला कुणाला तरी सांगायचं होतं.

शाई

६ मे

प्रिय शाई,

आधी पूर्ण वाच आणि मग काय ते रागाव.

तुमच्या दुकानाची शाखा आमच्या गावात निघाली. मोक्याच्या रस्त्यावर, काचेची, आत गारेगार. मी नुसती बघायला गेले होते. मुलाखती चालू होत्या, माझ्याकडे बघून दारातल्या मुलीला वाटलं मी त्याच्यासाठीच आलेय, आणि तिनं मला रांगेत बसवलं. आत तुमच्या मोठ्या ऑफिसातल्या बाई होत्या. राखाडी केस, एकही दागिना नाही, पण काय रुबाब. त्यांनी विचारलं, "हातात थोडेच पैसे असलेली बाई आली तर तिला काय विकाल?"

मी पर्समधून कंपासचा डबा काढून त्यांच्यापुढे उघडला. आणि तू लिहिलेलं सगळं माझ्या तोंडून घडाघडा आलं. खिडकी, जबडा, सेटचे टोमणे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाच वस्तू. बाई टेबलावर पुढे वाकल्या. म्हणाल्या, "ही कल्पना तुमची स्वतःची?" मी हो म्हणाले. डबा माझाच होता ना. त्या क्षणी आणखी काय सांगत बसणार होते?

शाई, मला घेतलं. नुसतं काउंटरवर नाही, सल्लागार म्हणून. दातांच्या डॉक्टरांकडे मिळायचे त्याच्या दुप्पट. आणि "पाच वस्तूंचा डबा" आता सगळ्या शाखांमधून विकणार आहेत. कल्पना जगली याचा तुलाही आनंदच होईल. आपल्या दोघींत तुझं माझं कधी होतं?

पुढच्या महिन्यात मला शिकायला तुमच्याच दुकानात पाठवतायत. तुझ्याकडेच उतरेन. मी बाईंना अभिमानानं सांगितलं की माझी चुलतबहीण तिथेच काउंटरवर असते. त्यांनी नावं बघितली आणि म्हणाल्या, काउंटरवर अशी कुणी नाही. मी म्हटलं, "नीट बघा, ती पटकन नजरेत भरत नाही." बाई हसल्या. काहीतरी चूक झाली असणार त्यांची.

तुझी,
ताई

१४ मे

ताई,

चूक नाही. काउंटरवर माझं नाव नाही, कारण मी काउंटरवर नाही.

मी मागे गोदामात असते. खोकी फोडते, तारखा तपासते, लेबलं लावते, दुकान उघडायच्या आत काउंटरखालचे खण भरते आणि काचा पुसते. काउंटरच्या मुली सकाळी माझ्याकडे मागे येतात, मी त्यांचे चेहरे करून देते आणि त्या पुढे जातात. मी कधी खोटं लिहिलं नाही, पण तुमचा समज मोडलाही नाही. काकू फोनवर चारचौघांत "आमची काउंटरवर आहे" म्हणायची, ते मला ऐकायला बरं वाटायचं.

सल्लागाराच्या जागेसाठी मॅनेजरनी मला बोलावलं होतं. म्हणाले, "तुझे हात सोन्याचे आहेत. पण गिऱ्हाईक आधी चेहरा बघतं." मी माझा चेहरा नीट करून गेले होते. त्यांना कळलंही नाही.

तू ये. खोली लहान आहे, पण दोघी मावू. तू पलंगावर झोप, मी खाली झोपेन.

एकच मागते. आजवर मी तुमच्या घरात काही मागितलेलं आठवत नाही. इथे आलीस की त्या बाईंना सांग की डब्याची कल्पना माझी आहे. तुझी नोकरी त्यानं जाणार नाही, त्यांना तू आवडली आहेस. तुझं त्या ऐकतील. माझं कुणी ऐकायला मागे येत नाही.

शाई

२ जुलै

प्रिय शाई,

सुखरूप पोचले. गाडीत खिडकी मिळाली. तुझ्या खोलीत किती नीटनेटकं असतं सगळं, मी आईला सांगितलं. आई म्हणाली, वळण कुणी लावलं?

निघताना तू दारापर्यंतही आली नाहीस, ते मला लागलं. म्हणून सगळं एकदा स्पष्ट लिहिते, म्हणजे मनात काही राहायला नको.

डब्याचं मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर माझी ओळख "डब्याच्या बाई" अशी करून दिली. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत मी काय बोलणार? नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. मग मी विचार केला, नुसतं सांगून तुला काय मिळणार? त्यापेक्षा तुला पुढे आणायचं, सगळ्यांना दाखवायचं. म्हणून शेवटच्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाला मी तुझं नाव घेतलं. बाई कुणीतरी मॉडेल बोलावणार होत्या. मी म्हटलं, "कशाला? आमच्या गोदामात आहे."

तू एप्रनवरच आलीस. मी आधी सांगायला हवं होतं, पण मग मजा गेली असती. स्टुलावर बसवल्यावर मी म्हटलं, "ही माझी बहीण. लहानपणी आम्ही हिला शाई म्हणायचो." सगळे किती मोकळेपणानं हसले. बाईसुद्धा. वातावरण एकदम घरगुती झालं.

आणि मग माझी पंचाईत झाली. समोर इतक्या शेड आणि मला एकही ओळखू येईना. मी तुझ्या कानाशी वाकले, "कुठला गं?" आणि तू ओठ न हलवता नंबर सांगितलास. मग नारिंगी कुठे, मग ओठांना कुठला. लोकांना वाटलं मी तुला धीर देतेय. लहानपणी बाबा पाढे विचारायचे तेव्हा आपण असंच करायचो, आठवतं? तेव्हाही तूच सांगायचीस.

उजवी बाजू झाली तेव्हा सगळे पुढे वाकून बघायला लागले. मी पण. शाई, तू सुंदर दिसत होतीस, अर्धी. बाई म्हणाल्या, "थांबा, दुसरी बाजू करू नका," आणि फोटोवाल्याला बोलावलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पटकन डाव्या बाजूनं टिपलं, म्हणजे उजवीकडचं बिघडू नये. सगळ्यांना सांगितलं, आनंदाचे अश्रू आहेत.

तो फोटो आता सगळ्या शाखांमध्ये लागणार आहे, माणसाच्या उंचीचा. डावीकडे "आधी", उजवीकडे "नंतर". तुला पुढे यायचं होतं ना? आता तू सगळ्यांच्या पुढे आहेस, थेट दारात. आईनं शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं.

पत्र लिही. अबोला तुला शोभत नाही.

तुझी,
ताई

९ ऑक्टोबर

प्रिय शाई,

मधल्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. फोन उचलत नाहीस. रागावली असशील तर ते नंतर बोलू. आत्ता मी अडचणीत आहे.

इथे माल परत यायला लागलाय. माझ्या रंगाच्या बायका खूश असतात. पण बाकीच्या जास्त आहेत गं, आणि त्या तुझा फोटो बघूनच आत येतात. म्हणतात, हिच्यासारखं करून द्या. मला ते येत नाही. तुझी पत्रं समोर ठेवून बघितली. "मान बघ" लिहिलंयस, मी बघते, मला मानच दिसते. मग मी आपली एक शेड उजळ देते, वाटतं कुणाला नको असतं?

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंचा निवृत्तीचा समारंभ होता. त्यांचं मी केलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी छापलेला फोटो घेऊन आली आणि काउंटरवर ठेवला. अख्ख्या आयुष्यात आईचा एकच सत्कार झाला, म्हणाली, आणि त्यात ती प्रेतासारखी दिसते. मी फोटो बघितला. ती खोटं बोलत नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हे झालं, आणि मुलीनं वर लिहूनही कळवलं.

आता मोठ्या बाई चौकशी करतायत. त्या तुमच्याकडे येणार आहेत आणि तुलाही विचारणार आहेत, कारण मी सांगितलं होतं की मी तुझ्याबरोबर शिकले. एवढंच म्हण की ती शिकेल, थोडा वेळ द्या. आणि मला त्या शेड लिहून पाठव, कुठल्या मानेला कुठला नंबर, सगळं, लवकर.

तुला माहीत नसेल, तुझे भावोजी घर सोडून गेले. भावाकडे आहेत म्हणे, तिकडे पलंग बरा असेल. चिमी जेवताना बोलत नाही. ही नोकरी गेली तर मला हे घर ठेवता येणार नाही, आईला घेऊन कुठे जाऊ? आई म्हणते, शाईला लिही, ती नाही म्हणणार नाही, तिचे आईवडील गेले तेव्हा आपण तिला घरात घेतलं होतं.

तू चांगली आहेस, शाई. आमच्यापेक्षा नेहमीच चांगली होतीस. मी ते कधी म्हटलं नाही.

तुझी,
ताई

२१ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुला ऑफिसकडून कळलेलं असेल. तरी कसं झालं ते माझ्याकडून कळावं.

बाई सोमवारी आल्या. मॅनेजरनी गोदामाच्या दारातून हाक मारली, "शाई, वर ये." तू येऊन जाईपर्यंत इथे हे नाव कुणाला माहीत नव्हतं. या शहरात आल्यापासून मी माझ्या नावानं राहत होते. आता मॅनेजर, काउंटरच्या मुली, माल उतरवणारा ड्रायव्हर, सगळे शाईच म्हणतात. प्रेमानं म्हणतात, तुझ्यासारखंच.

बाईंनी मला खुर्ची दिली. समोर त्या समारंभातला फोटो होता. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला काढावं असं माझ्या मनात नाही. घरची परिस्थिती मला कळली आहे. पण आणखी असे चेहरे मी बाहेर जाऊ देऊ शकत नाही. तुम्ही तिला जवळून ओळखता. शिकवलं तर शिकेल का? तुम्ही म्हणाल तसं करते."

तू लक्षात घे, त्यांनी खरोखर माझ्यावर सोडलं होतं. इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं आणि उत्तराची वाट बघितली. मी तुझा विचार केला. चिमी जेवताना गप्प बसते त्याचा केला. काकूचाही केला. घाईत काही बोलले नाही.

मग म्हटलं, "नाही शिकणार. तिला फक्त स्वतःचा चेहरा येतो."

बाईंनी समोरचा फोटो उचलला. म्हणाल्या, "तुम्ही बहिणी आहात ना?" मी म्हटलं, "म्हणूनच सांगते." त्यांनी फोटो पाकिटात घातला.

डबा माझा होता हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, जळते, म्हणून बोलते. मग माझं एक वाक्यही त्यांनी खरं धरलं नसतं. त्यांनी ते वाक्य खरं धरायला हवं होतं.

त्यातून मला काही मिळालं असं समजू नकोस. तुझ्या जागी बाहेरून एक मुलगी घेतायत, तुझ्याच रंगाची आणि तुझ्याहून लहान. तिला शेड कळाव्यात म्हणून मी तिला गोदामात आठवडाभर शिकवायचं ठरलंय. मी शिकवणार आहे. काल भेटून गेली ती; विचारते तेव्हा लक्ष देऊन ऐकते.

तू नंबर मागितले आहेस. तुझ्या समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना कुठला लागतो ते तू केलेल्या वर्णनावरून मला मार्चमध्येच कळलं होतं. तेव्हा तू विचारला नव्हतास. आता मी सांगणार नाही.

काकूला सांग, तिनं मला घरात घेतलं ते खरं आहे. मी सोळा वर्षांची होईपर्यंत त्या घरातली भांडी मी घासली, तुझे केस मी विंचरले, आणि पाहुणे आले की मी आतल्या खोलीत बसले, कारण तसं सांगितलेलं असायचं. तिला हे आठवत नसेल. तिला मुद्दाम आठवण करून दे.

बाईंच्या खोलीतून खाली आल्यावर मला वाटलं होतं, वाईट वाटेल. मी वाट बघितली. खोकी फोडली, संध्याकाळी खोलीवर गेले, जेवले, झोपही लागली. दुसऱ्या दिवशीही बघितलं. नाही वाटलं. मी चांगली आहे असं तू लिहिलं होतंस, म्हणून कळवते.

तू आता पुन्हा लिहिशील. मग काकूकडून चार ओळी लिहून घेशील, मग चिमीकडून. मी सगळी पत्रं वाचेन. उत्तर कुणालाच देणार नाही.